धनुष्यबाणाने कॅरिबूची शिकार: कळप घटत असताना जावं की नको?

अजिंक्यतारा_आर्चर (सातारा):

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा आणि जे वाटतं ते स्पष्ट सांगा.

मी साताऱ्याचा, नोकरी सांभाळून कंपाऊंड आर्चरी करतो, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याची. २०२३ ला आपली अदिती स्वामी बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि त्याच स्पर्धेत साताऱ्यातच तयार झालेला ओजस देवतळे पण झाला, तेव्हापासून इथं आर्चरीला दिवस आलेत हे तुम्हाला माहितीच असेल. मी त्यांच्या लेव्हलचा नाही पण ५० मीटरवर हात बऱ्यापैकी बसलाय आणि रोज संध्याकाळी ग्राउंडवर असतोच.

तर माझा मावसभाऊ अलास्कात अँकरेजला असतो. तिकडं गेल्यापासून त्याला शिकारीची गोडी लागली, आधी मासेमारी, मग बंदूक, आता त्यानं पण कंपाऊंड घेतलंय. तो म्हणतो पुढच्या ऑगस्टमध्ये ये, आपण डाल्टन हायवेनं वर उत्तरेला जाऊ, तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूला पाच-पाच मैल फक्त धनुष्याला परवानगी आहे, बंदूक चालत नाही, कॅरिबूचे कळप रस्ता ओलांडतात, तुझ्यासारख्याला तर एकदम सोपं जाईल. कॅरिबू म्हणजे रेनडिअरच, फक्त रानटी. मी व्हिडिओ बघितले आणि खरं सांगतो, डोक्यातून जात नाही. जे धनुष्य मी रोज ओढतो ते मुळात ज्या कामासाठी बनलं ते एकदा करून बघावं असं वाटतं.

पण मग वाचायला बसलो आणि झोप उडाली. वायव्य अलास्कातला वेस्टर्न आर्क्टिक नावाचा कळप २००३ ला ४ लाख ९० हजार होता, तो २०२३ च्या मोजणीत १ लाख ५२ हजारावर आला. वीस वर्षात तीन भागातले दोन भाग गेले. आणि मी इथून साताऱ्याहून विमानानं तिकडं जाऊन त्यातला एक मारणार? भाऊ म्हणतो सरकार लायसन देतंय म्हणजे हिशोब करूनच देत असणार, तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस. मला ते पटतंय पण आणि नाही पण.

आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली म्हणून मी ती कधी बघितलेली नाही, त्यामुळं माझं मत नुसतं वाचनावर आहे. ज्यांना तिकडची माहिती आहे, जंगलाची माहिती आहे, किंवा जनावरांशी रोजचा संबंध आहे अशांनी सांगा. १) हे कायद्यानं जमतं का? २) कळप घटत असताना बाहेरच्या माणसानं जाणं बरोबर आहे का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे माझ्यासाठी.

कराडकर_उत्तरेचा (कराड, आधी फेअरबँक्स):

मित्रा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तुझ्या भावानं ते तुला नीट सांगितलेलं दिसत नाही. मी अलास्कातच फेअरबँक्सला बरीच वर्षं होतो, आता कराडला परत आलोय, आणि तो डाल्टन हायवे मी पाहिलाय.

तू भारताचा नागरिक, तिथं राहणारा पण नाहीस. अशा माणसाला अलास्कात कुठलंही मोठं जनावर मारायचं असेल, अगदी कॅरिबू सुद्धा, तर लायसन असलेला गाइड सोबत असावाच लागतो. अमेरिकेच्या दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या तिथल्याच नागरिकाला कॅरिबूसाठी गाइड लागत नाही, तो नियम तपकिरी अस्वल, डोंगरातली मेंढी आणि डोंगरी बकरा यांच्यापुरता, आणि नातेवाईक सोबत असला की चालतं ही सवलत पण त्यांच्यापुरतीच. परदेशी माणसाला तुझा मावसभाऊ गाइड म्हणून चालणार नाही. म्हणजे भावाबरोबर गाडी काढून जाऊ हा प्लॅन आहे तसा होत नाही. गाइडचा खर्च काही हजार डॉलर, त्यात परदेशी माणसाचं लायसन आणि टॅग (मारलेल्या जनावराला लावायची खूणचिठ्ठी) स्थानिकापेक्षा कितीतरी महाग, ते सगळं धर.

दुसरं, फक्त धनुष्याचा जो पट्टा आहे तिथं जायचं तर बोहंटिंगचा, म्हणजे धनुष्यानं शिकारीचा, कोर्स केल्याचं सर्टिफिकेट लागतं, नुसता चांगला नेम चालत नाही. धनुष्य कॅरिबूसाठी ओढायला कमीत कमी ४० पाउंडाचं, तपकिरी अस्वल आणि मूस (तिथलं मोठं हरीण) यांच्यासाठी ५०. तुमचं टार्गेटचं कंपाऊंड ६० पर्यंत असतं त्यामुळं तिथं अडचण नाही. पण बाणाचं वजन, ब्रॉडहेडची (शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक) रुंदी याचे पण नियम आहेत, तुमचे टार्गेटचे बारीक हलके बाण विसर.

आता रस्त्याबद्दल. ६६६ किलोमीटर, शेवटी डेडहॉर्स, बाजूनं तेलाची पाइपलाइन चाललेली, १९७४ मध्ये पाइपलाइनच्या कामासाठीच तो रस्ता केला. त्या पट्ट्यात गाडी रस्ता सोडून आत घालता येत नाही, चालायचं. आणि टुंड्रा म्हणजे सपाट गवताळ माळ असं व्हिडिओत दिसतं पण खाली पाणी आणि वर गवताचे डुलणारे गठ्ठे, पाय ठेवला की मुरगळतो, एक किलोमीटर चालायला आपल्या यवतेश्वरच्या चढापेक्षा जास्त दम लागतो. मोठा नर दीडशे-पावणेदोनशे किलोचा भरतो. तो पडला म्हणजे काम संपलं नाही, तिथून सुरू होतं. चारी तंगड्या, बरगड्या, मान, पाठ, खाण्यासारखं सगळं मांस बाहेर काढणं कायद्यानं बंधनकारक आहे, शिंगं घेऊन मांस टाकून आलास तर मोठा गुन्हा. सगळं पाठीवर, फेऱ्या मारून.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत असं की नियमात राहून एक नर घेतला तर कळपाला फरक पडत नाही. वेस्टर्न आर्क्टिकचे जे आकडे दिलेस त्याच्या मागं जा ना, १९७० ला तो २ लाख ४२ हजार होता, १९७६ ला ७५ हजारावर आला, तेव्हा शिकारीवर कडक मर्यादा घातल्या आणि तिथूनच पुढं ४ लाख ९० हजार झाला. कॅरिबू चढतात आणि उतरतात, म्हातारी माणसं पण तिथं हेच सांगतात. आणि तू ज्या रस्त्याला जाणार तिथं मुळात तो कळपच नाही, तिथं सेंट्रल आर्क्टिक कळप आहे.

कृष्णाकाठची (सांगली):

वरच्या दादांनी शेवटी जे म्हटलं ना, की तिथं कळप वेगळा आहे, तिथूनच सुरुवात करूया कारण सगळा प्रश्न तिथंच आहे. मी वन्यजीव विषयात एमएस्सी केलंय, काम इकडंच सह्याद्रीत करते पण कॅरिबूवर मी कॉलेजपासून वाचतेय, हा प्राणी मला फार जवळचा वाटतो.

"कॅरिबू घटले" हे एक वाक्य आहे पण त्याच्या आत वेगवेगळ्या कळपांच्या वेगवेगळ्या कहाण्या आहेत. सगळ्या आर्क्टिकचं मिळून बघितलं तर अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात टुंड्रातले स्थलांतर करणारे कॅरिबू दोन-तीन दशकांत ६५ टक्के कमी झाले असं आहे, साधारण ५५ लाखांवरून १९ लाखांवर. पण त्यात कॅनडाचा बाथर्स्ट कळप घ्या, १९८६ ला ४ लाख ७० हजार, २०२१ ला ६,२४०. परत वाचा, सहा हजार दोनशे चाळीस. पूर्व कॅनडातला जॉर्ज रिव्हर कळप ९० च्या दशकात आठ लाखांच्या आसपास होता, २०२२ ला सात हजारांच्या घरात. आणि त्याच काळात अलास्का आणि कॅनडातल्या युकॉनच्या सीमेवरचा पॉर्क्युपाइन कळप २०१७ मध्ये २ लाख १८ हजार होता, तो त्याचा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. सेंट्रल आर्क्टिक २०१० ला ७० हजार, २०१६ ला २२ हजार, मग तीस हजारांच्या आसपास आला, त्यातले काही तर मेले नाहीत, शेजारच्या कळपात निघून गेले. म्हणून कुणी विचारलं की कॅरिबूची शिकार बरोबर का, तर माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या कळपाची आणि कुठल्या वर्षी.

चढ-उतार होतातच हे दादांचं म्हणणं खरं आहे. पण जॉर्ज रिव्हरला लॅब्रॅडॉर सरकारनं २०१३ पासून शिकार बंद केली आणि दहा वर्षांनंतरही कळप तिथंच खाली आहे. ७० च्या दशकात शिकार आवरली आणि कळप परत आला, आता तसं होईलच असं नाही, कारण खालची जमीनच बदलतेय. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, तो बर्फावर गोठतो आणि खालच्या दगडफुलासारख्या चाऱ्यावर, लायकेन म्हणतात त्याला, काचेसारखा थर बसतो, मग जनावर खुरानं उकरून उकरून थकतं पण तोंडाला काही लागत नाही. रशियात यामाल भागात २०१३ च्या हिवाळ्यात याच कारणानं ६१ हजार पाळीव रेनडिअर उपासमारीनं मेले. उन्हाळा गरम झाला की डास आणि माश्या वाढतात, मग कॅरिबू चरायचं सोडून वाऱ्याच्या जागा शोधत पळत राहतात आणि हिवाळ्यासाठी अंगावर चरबी धरत नाही. झुडपं उत्तरेकडं टुंड्रात सरकतात, आगीत लायकेन जळालं तर परत यायला कित्येक दशकं लागतात. त्यात रस्ते आणि खाणी. बाथर्स्ट कळपाच्या उन्हाळी प्रदेशात एकाटी आणि डायाव्हिक या हिऱ्यांच्या खाणी १९९८ आणि २००३ ला सुरू झाल्या, आणि कॅरिबू अशा खाणींपासून दहा-पंधरा किलोमीटर लांब राहतात असं अभ्यासात दिसलंय. जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला सुरतेला येतात, त्यामुळं हे सगळं फार लांबचं आहे असं मला कधी वाटत नाही.

आणि कळप खाली गेला की माणूस दुसऱ्या कुणाला तरी धरतो. नैऋत्य अलास्कातला मलचॅटना कळप ९० च्या दशकात दोन लाखांच्या जवळ होता, २०२३ च्या सुमारास तेरा हजारांच्या आसपास उरला आणि शिकार बंद झाली. तिथं राज्य सरकारनं २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून ९९ अस्वलं मारली, कॅरिबूची पिल्लं वाचावीत म्हणून. लांडगे पाच. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

म्हणून अजिंक्यतारा, तुझा एक बाण या सगळ्यात काहीच नाही हे गणितानं खरं आहे. पण ज्या वेस्टर्न आर्क्टिक कळपाबद्दल वाचून तुझी झोप उडाली, तिथल्या गावांवर २०२४ पासून मर्यादा आली, वर्षाला १५ आणि त्यात मादी फक्त एक. त्याआधी त्यांना दिवसाला ५ होते. कोट्झेब्यू आणि आजूबाजूच्या इन्युपियाक (तिथले मूळ रहिवासी) लोकांच्या गावात दुकानातलं मांस विमानानं येतं, त्याचे भाव तुम्ही आम्ही देऊ शकणार नाही, तिथं कॅरिबू हेच जेवण आहे. ते लोक स्वतःच्या ताटातलं कमी करत असताना बाहेरच्यानं छंदासाठी जाणं मला पटत नाही. सेंट्रल आर्क्टिकला तेवढा ताण नाही, तिथं बाहेरच्याला एकच नर मिळतो. पण तिथं सुद्धा ताजी मोजणी बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

मेणवलीची_माई (वाई):

मला एवढी माहिती नाही पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. अरे बाळा ज्या प्राण्याची संख्या लाखावरून हजारावर येते त्याला मारायला कुणीच जाऊ नये, तू पण नाही आणि तिथल्या गाववाल्यांनी पण नाही. आता काय खायला दुसरं मिळत नाही का जगात, सरकारनं धान्य द्यावं त्यांना. मुका जीव तो, पिल्लू घेऊन हजार हजार किलोमीटर चालतो असं मी टीव्हीवर बघितलंय. तुझ्या हातात एवढी कला आहे तर मेडल आण, आम्ही सगळे टाळ्या वाजवू. जिवावर नेम धरू नकोस एवढंच सांगते.

बत्तीस_शिराळकर (शिराळा, जि. सांगली):

माई, तुमच्या मनातली माया कळते, पण "तिथल्या गाववाल्यांनी पण नाही" ह्याला माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे.

आम्ही शिराळ्याचे. आमच्या नागपंचमीचं काय झालं सगळ्यांना माहिती आहे. हायकोर्टानं जिवंत नाग पकडणं, मिरवणूक काढणं बंद केलं, नागांसाठी ते योग्यच असेल, मी त्याच्यावर भांडत नाही. पण निर्णय होताना पिढ्यानपिढ्या नागाबरोबर राहिलेल्या माणसाला काय माहिती आहे हे आधी कुणी येऊन बसून विचारलं असतं तर गावाच्या मनात एवढी सल राहिली नसती. आणि आमची तर पूजा होती, पोटाचा प्रश्न नव्हता. तिकडं पोटाचा आहे. जिथं जमीन वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेली तिथं ज्वारी पिकत नाही ओ.

मी ह्या विषयावर थोडं वाचलंय. ब्रूक्स पर्वतात अनाकटुवुक पास म्हणून गाव आहे, तिथल्या नुनामिऊट लोकांची जुनी रीत अशी की स्थलांतरात पुढं येणारे पहिले कॅरिबू मारायचे नाहीत, त्यांना घाटातून जाऊ द्यायचं. पुढचे गेले की मागचे त्याच वाटेनं येतात, पुढच्यांना बिचकवलं तर सगळा कळप वाट बदलतो आणि गाव उपाशी. ग्विचिन लोक पॉर्क्युपाइन कळपाच्या विणीच्या जागेवर पाय ठेवत नाहीत, ती जागा त्यांच्यासाठी पवित्र. आणि त्लिचो म्हणून लोक आहेत कॅनडात, बाथर्स्ट कळप पडल्यावर त्यांनी शिकार थांबवली आणि २०१६ पासून स्वतःची माणसं पाठवून उन्हाळ्यात नुसती कळपावर नजर ठेवतात, चालत जाऊन, काय खातात, लंगडतात का, लांडगा कुठं आहे ते लिहून ठेवतात. खाणारी माणसंच राखण करतायत. धान्य पाठवून हे होणार नाही.

गावांची खरी तक्रार बाहेरच्या शिकाऱ्यांवर आहे. छोट्या विमानानं येतात, बरोबर कळपाच्या तोंडावर उतरतात, आणि पुढचे कॅरिबू फिरतात. म्हणून २०२२ मध्ये वायव्य अलास्कात केंद्राच्या बऱ्याच जमिनीवर ऑगस्ट-सप्टेंबरात बाहेरच्यांना कॅरिबू बंद केले होते. अजिंक्यतारा भाऊ, तुम्ही कुठं जाता ते जाऊ दे, पण विमानानं कळपापुढं उतरवणारा गाइड असेल तर सरळ नाही म्हणा.

मेंढका_आटपाडी (आटपाडी):

राम राम. मी मेंढरावाला हाय, आमचा वाडा दिवाळी झाली की खाली उतरतो अन पावसाळ्याला परत माघारी. पोरगं कॉलेजात हाय त्यानं हे वाचून दाखिवलं मंग म्हणलं चार शब्द टाईप कर माझ्या नावानं.

ताईनं ते रशियातलं ६१ हजार जनावर मेल्यालं सांगितलं ते ऐकून पोटात गोळा आला बगा. मागं एकदा अवकाळी झाला, रातभर गारठ्याचा पाऊस, सकाळी मेंढरं उठलीच न्हाईत, लई गेली. चारा समोर दिसतोय पण जनावराला खाता येत न्हाई हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं. ती माणसं कशी जगली असतील म्हणतो मी.

मला एकच सांगायचं हाय. त्यांनी नर मारा मादी राखा असा नियम केलाय तो एकदम बरोबर हाय, आमी तेच करतो. दुष्काळात चारा संपला, पैशाची नड आली तर आधी बकरं जातं, मग म्हातारी मेंढरं, गाभण अन दूध देणारी शेवटपतोर इकायची न्हाईत. चार नरावर अख्खा कळप चालतो पण एक मेंढी गेली की तिच्या मागची सगळी पिढी गेली. कॅरिबूला वर्साला एकच पिल्लू हुतंय म्हणत्यात, आमच्या मेंढीवानीच. मंग मोजताना नुसतं किती हायती ते बगू नका, माद्या किती मेल्या ते बगा.

पण त्यात बी एक हाय. सगळ्यात मोठ्या शिंगाचा, सगळ्यात दांडगा नरच मारायचा हे मला पटत न्हाई. आमी बिजवाईला राखतो तोच तर असतो. पाव्हणा शिकारीला आला की त्याची नजर शिंगावर जाणार. खायला मारतोय त्याची नजर चरबीवर असती.

जुना_धनुर्धर (सातारा):

मी बरीच वर्षं पोरांना आर्चरी शिकवतोय, त्यामुळं कळपाचं सोडून बाणाचं बोलतो. या धाग्यावर त्याच्यावर कुणीच बोललेलं नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अजिंक्यतारा, तू लिहिलंस की धनुष्य मुळात ज्या कामासाठी बनलं ते करून बघायचंय. बरोबर आहे, कंपाऊंड शिकारीसाठीच निघालं, हॉलेस ॲलन नावाच्या मिसूरीतल्या माणसानं ६० च्या दशकात बनवलं, १९६९ ला पेटंट मिळालं. उत्तरेत तर धनुष्याचा इतिहास फार जुना. युकॉनच्या डोंगरात बर्फाचे जुने थर वितळायला लागल्यावर हजारो वर्षांपूर्वीचे भाले आणि बाण सापडले, त्यावरून कळलं की तिथं साधारण बाराशे वर्षांपूर्वी फेकभाला जाऊन धनुष्य आलं. कॅरिबू गारव्यासाठी त्या बर्फावर यायचे आणि माणसं तिथं दबा धरायची. ओढ लागणं मी समजू शकतो.

पण टार्गेट आणि जनावर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ५० मीटरवर तुझं दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं, कॅरिबूचं फुप्फुस त्याच्या कितीतरी पट मोठं, म्हणून तुला सोपं वाटतंय. पण टार्गेट हलत नाही. तुझा बाण सेकंदाला ८०-८५ मीटर जातो असं धर, म्हणजे ५० मीटरला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या चौपट वेगानं आधी पोहोचतो. त्या वेळात जनावर दचकून खाली बसतं, वळतं, एक पाऊल टाकतं. फुप्फुसावर सोडलेला बाण पोटात जातो. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का बाणात नसतो, तो कापतो आणि रक्तस्रावानं जनावर पडतं, आणि पोटात लागला तर ते तासन् तास चालत राहतं. उघड्या टुंड्रावर ते तुला लांब जाताना दिसत राहणार. असं जखमी होऊन गेलेलं आणि न सापडलेलं जनावर सरकारी आकड्यात येत नाही, टॅग पण कोराच राहतो, मग माणूस दुसऱ्यावर सोडतो. एक नर एक नर म्हणताय ना सगळे, धनुष्यात तो एक कधी दोन होतो कळत नाही.

तिकडं आडोसा नाही, झाड नाही, वारा सतत, हात गारठलेले, आणि हृदय असं धडधडणार की साईटचा ठिपका थांबायचा नाही. तिथले चांगले बोहंटर तीस-पस्तीस मीटरच्या आत आल्याशिवाय सोडत नाहीत, आणि तेवढं जवळ जाता आलं नाही तर रिकाम्या हातानं परत येतात. तुला खरंच जायचं असेल तर आधी अंतर न सांगता, चढावर उतारावर, दम लागलेला असताना, जाड जॅकेट घालून, ब्रॉडहेड लावून मारायचा सराव कर. ब्रॉडहेड वाऱ्यात टार्गेट पॉइंटसारखा उडत नाही. पहिला बाण, फक्त पहिला, तीस मीटरवर रोज जिथं लागायला पाहिजे तिथं लागतो का बघ. दुसऱ्या बाणाला तिथं अर्थ नाही.

अजिंक्यतारा_आर्चर (सातारा):

सर्वांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री भावाला फोन करून गाइडचं सांगितलं, त्यालाही ते माहिती नव्हतं, तो स्वतः तिथं स्थायिक असल्यानं त्याला कधी लागलंच नाही.

शिराळकरांनी आणि ताईंनी सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलंय, वायव्येच्या कळपाचा विषय माझ्यासाठी संपला. सरांचं वाचून पुढच्या ऑगस्टचं तर मी रद्दच केलंय कारण तसा सराव एवढ्यात होणार नाही. त्यानंतर डाल्टनला जायचं का ते सेंट्रल आर्क्टिकची नवी मोजणी आली की ठरवेन. ताई, एक विचारायचं होतं, आकडा चांगला आहे हे माझ्यासारख्यानं ओळखायचं कसं? आणि कराडकर दादा, समजा गेलो आणि मिळालं, तर मांस मी भारतात आणणार नाही, भाऊ एकटा एवढं खाणार नाही, ते तिथल्या कुणाला देता येतं का?

कृष्णाकाठची (सांगली):

एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नकोस. जुलैमध्ये डासांच्या त्रासानं कॅरिबू एका ठिकाणी दाटीवाटीनं गोळा होतात तेव्हा विमानातून फोटो काढून मोजतात, हवामान खराब असलं तर ते वर्ष हुकतं, म्हणून दोन-तीन मोजण्यांचा कल बघायचा. त्याबरोबर तीन गोष्टी. शंभर माद्यांमागे नर किती, शंभर माद्यांमागे पिल्लं किती, आणि रेडिओ कॉलर लावलेल्या मोठ्या माद्यांपैकी वर्षात किती मेल्या. मेंढकेबापूंनी सांगितलं तेच तिसऱ्यात आहे, वेस्टर्न आर्क्टिकला पिल्लं ठीक जगत होती, तिथल्या जीवशास्त्रज्ञांची काळजी मोठ्या माद्या जास्त मरतायत ही होती. अलास्काच्या फिश अँड गेम खात्याच्या साइटवर कळपानुसार माहिती असते. नर कमी झालेले दिसले तर त्या वर्षी जाऊ नको, एकूण आकडा कितीही चांगला असू दे.

आणि बापू, मोठ्या शिंगाच्या नराबद्दल तुम्ही म्हणालात ते मी माझ्या वहीत लिहून घेतलंय.

कराडकर_उत्तरेचा (कराड):

देता येतं, आणि लोक आनंदानं घेतात. ट्रान्सफर ऑफ पझेशनचा फॉर्म असतो, त्यावर कुणी मारलं, लायसन नंबर, कुठं मारलं, किती मांस कुणाला दिलं ते लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि कागद मांसाबरोबर ठेवायचा. विकायचं मात्र नाही, रानातलं मांस विकणं तिथं गुन्हा आहे. पण मांस नीट ठेवलेलं पाहिजे, ऑगस्टमध्ये तिकडं पण माश्या असतात, कापडी पिशवीत घालून, हवा लागेल असं टांगून, कोरडं ठेवायचं, प्लास्टिकमध्ये कोंबलं तर आंबतं. आणि सप्टेंबरच्या मध्याच्या आत जा, ऑक्टोबरात नर माजावर येतात तेव्हा मांसाला असा वास येतो की ते फुकट दिलं तरी कुणी घेत नाही.